ओसाका बंद आहे

सर्व संबंधितांना, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की ओसाका शहर आजपासून पुढील सूचना मिळेपर्यंत बंद राहील. कालव्यांतलं पाणी सोडून देण्यात आलं आहे. पूल उचलून ठेवले आहेत. हॉटेलाच्या भिंतीवर पाय हलवत बसलेला भला मोठा खेकडा खाली उतरवला आहे. फिरायला आलेल्या मंडळींनी आपापल्या बरॅकीत परत जावं. कारण हे शहर ज्या एकाच माणसाच्या डोक्यात होतं तो माणूस मंगळवारी दुपारी, रत्नागिरीकडच्या आपल्या गावी, जेवून पडवीत आडवा झाला आणि पुन्हा उठला नाही.

हुसेनभाई, कशी वाटली घोषणा? मेसच्या मधल्या बाकावर उभं राहून केली, तुझ्या चुलीकडे तोंड करून, हातात तुझी पळी धरून. गावच्या शिमग्यात राजाची दवंडी मी याच आवाजात द्यायचो. तू असतास तर आतून ओरडला असतास, "नाटक्या, उतर खाली! लोकं जेवतात तिथं पाय ठेवतोस?" कोणी ओरडलं नाही. मग मी आपला आपणच उतरलो आणि बाक पुसला.

फातिहा झाली. तुमच्याकडच्या मंडळींनी म्हटली, आम्ही बाकीचे डोक्यावर रुमाल टाकून मागे बसलो. मागच्या रांगेत एकजण लहान पोरासारखा रडत होता. त्याचं नाव पुढं येईल, घाई करू नकोस. मग नव्या आचाऱ्यानं चहा दिला. चहात वेलची नव्हती. ही बातमी तुला सगळ्यात आधी कळावी असं मला वाटलं.

हे मी तुझ्याशीच बोलतोय, पण आजूबाजूला कान देऊन बसलेली चार माणसं आहेतच, तेव्हा त्यांच्यासाठी थोडं. सौदीत दम्मामहून जुबैलकडे जाताना डाव्या हाताला पत्र्याच्या बरॅकींचा एक कॅम्प लागतो. त्यात वेल्डर, फिटर, सुतार, इलेक्ट्रिशियन, सगळे एकटे पुरुष, कोणी कोकणातले, कोणी कराड-सांगलीकडचे, बाकी मलबारी, पंजाबी. मी तिथला स्टोअरकीपर, म्हणजे पान्यापासून साबणापर्यंत सगळं माझ्याकडे मागायचं. आणि तू मेसचा भटारी. त्याआधी वर्षानुवर्षं मालवाहू बोटींवर स्वयंपाकी. तुझ्या बोलण्यात बंदरं अशी यायची, जशी आमच्या बोलण्यात नात्यातली लग्नं येतात. पण बाकी बंदरं तू एका वाक्यात उरकायचास. ओसाका मात्र उरकत नव्हतं. जपानातलं ते मोठं शहर, व्यापाऱ्यांचं आणि खादाडांचं, तिथं म्हणे तू एक अख्खा दिवस फिरला होतास. सकाळी उतरलास, दिवे लागल्यावर परत चढलास.

मी म्हणायचो, तू उतरलाच नाहीस.

आपलं भांडण तेवढंच. पण काय भांडण होतं! माझा मुद्दा साधा होता आणि अजूनही आहे. बोट धक्क्याला लागली की खलाशी उतरतात आणि स्वयंपाकी भाजी चढवून घेतो. बंदरात सगळ्यांना सुट्टी असते, फक्त त्याला नसते. तेव्हा तू भटारखान्याच्या दारात बसून कोबी मोजत होतास, आणि रात्री परत आलेली पोरं जे जे सांगत गेली, कोणी किल्ला, कोणी बाजार, कोणी आणखी काही जे आपल्याला सांगितलं नाहीस, ते सगळं एका टोपात घालून तू शिजवलंस आणि वरून कोथिंबीर टाकलीस.

"तू पाहिलंस काय मला कोबी मोजताना?" तू लाल होऊन विचारायचास.

"तुला ओसाकात कोणी पाहिलं?"

"अख्ख्या ओसाकानं पाहिलं!"

मग तू पळी आपटायचास आणि मला दोन चपात्या जास्त वाढायचास. तुझा राग असा चपात्यांत निघायचा. मी मुद्दाम भांडायचो, हे तुला कळत होतं की नाही, ते मात्र राहिलं विचारायचं.

मग तो हिवाळा आला. कुवेतचं काय झालं ते आपण रेडिओवर ऐकत होतो, आणि बघता बघता रेडिओतली लढाई आपल्या डोक्यावरून जायला लागली. कॅम्पाचं फाटक बंद झालं. खिडक्यांना खाकी चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या, काच फुटली तर अंगावर उडू नये म्हणून. समुद्रात तेल पसरलं, बाजारातली मासळी संपली. कुवेतच्या विहिरी पेटल्या तेव्हा धूर इकडे आला आणि भर दुपारी उजेड असा व्हायचा, की कोणीतरी चहाच्या गाळणीतून तो गाळून सोडतंय. सायरनला माणसं सरावली, पण त्या उजेडाला सरावली नाहीत. चालताना पायाखाली जमीन आहे की नाही असं वाटायचं. बोलणी हळू झाली. पत्रं येईनात, फोन लागेनात.

ज्याचं पत्र सगळ्यात जास्त येईना तो सदाशिव. आपला सदा, कराडकडचा वेल्डर, मान खाली घालून काम करणारा. लग्नानंतर थोडेच दिवस राहून आलेला. बायको बाळंत व्हायची होती, दिवस भरले होते, आणि तिकडून एक अक्षर नाही. तो रोज ऑफिसात जाऊन पासपोर्ट मागायचा. पासपोर्ट तिजोरीत, तिजोरीची चावी कफीलकडे, म्हणजे आमच्या अरब मालकाकडे, आणि कफील कुठं आहे ते अल्लाला ठाऊक. क्लार्क रोज म्हणायचा, "बुकरा." उद्या. असे किती बुकरा झाले देव जाणे.

आणि एका शुक्रवारी सकाळी सदानं आपला थाळा आणून मेसच्या कट्ट्यावर ठेवला.

इथं मला जरा थांबायला हवं. आपल्या मेसची रीत बाहेरच्यांना माहीत नाही. ज्याचा त्याचा स्टीलचा थाळा, मागे खिळ्यानं कोरलेलं नाव, आणि भिंतीवर ज्याचा त्याचा खिळा. सुट्टीवर जाणारा थाळा खिळ्यालाच ठेवून जातो, कारण तो परत येणार. कायमचा जाणारा थाळा घासून कट्ट्यावर ठेवतो. तो मग नव्या माणसाला मिळतो. 'अमक्यानं थाळा ठेवला' म्हणजे तो गेला. थाळा ठेवताना बोलायचं काही नसतं.

सदानं तो ठेवला आणि दाराशी जाऊन बसला. तू पुढं झालास. थाळा उचललास, उलटा करून त्याचं नाव वाचलंस, जणू तुला माहीतच नव्हतं कोणाचा ते. मग स्टोअरच्या खिडकीशी येऊन मला म्हणालास, "नाटक्या, सदा पळतोय."

त्याचा बेत शोधायला आपल्याला वेळ लागला नाही. गुलखान पठाण पाण्याचा टँकर घेऊन शुक्रवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर मागच्या फाटकातून येतो, टाकी भरतो आणि रियाधच्या रस्त्याला लागतो. सदा त्याच्या केबिनमध्ये बसणार होता. रियाधहून पुढे जेद्दा, जेद्दात शराफिया भागात गावाकडचा एकजण हॉटेलात कामाला, तो म्हणे बोटीत बसवून देतो. पासपोर्ट नाही, कफीलची चिठ्ठी नाही, आणि रस्त्यावर ठिकठिकाणी बंदुका घेतलेले शिपाई. थंडी पडायच्या आधी आमच्यातलाच एक फिटर असा निघाला होता. तो कुठल्या तुरुंगात आहे हे तोवर कोणाला कळलं नव्हतं.

"थांबव त्याला," मी म्हणालो. "तुझं ऐकतो तो. चाचा चाचा करतो."

"थांब म्हटलं की तो जाणारच," तू म्हणालास. "तरण्या माणसाला कोणी थांब म्हणायचं नाही. त्याला फक्त उशीर व्हायला पाहिजे."

आणि कट्ट्यावर थाळा वाजवून तू अख्ख्या मेसला ऐकू जाईल असा ओरडलास, "चला रे! आज सुट्टी आहे, फाटक बंद आहे, कुठं जाणार? ओसाकाला चला! चपला काढा!"

हुसेनभाई, मी आयुष्यात पुष्कळ पडदे वर जाताना पाहिलेत. शिमग्यात गौळण झालोय, राक्षस झालोय, एकदा दोन्ही. पण त्या सकाळी जो पडदा वर गेला तसा नाही पाहिला.

फुल्या मारलेल्या खिडक्यांतून तो तपकिरी उजेड आत येत होता आणि फुल्यांच्या सावल्या जमिनीवर पडल्या होत्या. तू त्या सावल्यांकडे बोट केलंस. "हे कालवे. हे इथं जिथं एकमेकांना छेदतात तो पूल. पुलावरून चालायचं. पाण्यात पाय टाकलेला चालणार नाही." आणि काय सांगू, तीस वर्षं वेल्डिंग करून डोळे गेलेली माणसं, पंजाबी फोरमन, मलबारी इलेक्ट्रिशियन, सगळे अनवाणी पायांनी सावल्या चुकवत पाऊल जपून टाकायला लागले. सदा दाराशी बसला होता, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळलेला.

"तिथली माणसं भेटली की नमस्कार करत नाहीत," तू म्हणालास. "विचारतात, मोकारिमाक्का? म्हणजे धंदा कसा काय? दुसऱ्यानं म्हणायचं, बोचि बोचि. चाललंय आपलं हळूहळू."

"धंदा बुडाला असला तर?" फोरमननं विचारलं.

"तरी बोचि बोचि. चिपळूणच्या बाजारात वेगळं काय सांगतात?"

मग आपण किल्ला बघायला बाहेर गेलो. किल्ला म्हणजे मागच्या फाटकाजवळची पाण्याची टाकी. ती गळायची, खाली डबकं साचायचं, तो खंदक. एकेक दगड अख्ख्या बरॅकीएवढा, तू सांगत होतास, कोणी कसा आणला असेल! आम्ही तोंड वर करून टाकीकडे पाहत होतो. सदा मात्र टाकीच्या पलीकडे, रस्त्याकडे पाहत होता. ते तू पाहिलंस, आणि लगेच म्हणालास, "आता आंघोळीचं घर. चला."

पत्र्याच्या न्हाणीघरात तू आम्हाला समजावलंस. आधी बाहेर बसून साबण लावून लख्ख व्हायचं, मग गरम पाण्याच्या हौदात उतरायचं. हौदात कोणी अंग चोळत नाही. शेठ, हमाल, म्हातारे, सगळे गळ्याइतक्या पाण्यात बसतात आणि गप्प असतात. वाफेत कोणाचं तोंड कोणाला दिसत नाही. तू हे इतक्या हळू आवाजात सांगितलंस, की आम्ही त्या कोरड्या न्हाणीघरात भिंतीला टेकून खरंच गप्प बसलो. मला घाम आला. मला वाटतं मी तेव्हा थोडा झोपलोही. त्या हिवाळ्यात दिवसा आलेली पहिली झोप.

"मग अंघुळ कवा करायची?" सदाचा आवाज आला.

सकाळपासूनचे त्याचे ते पहिले शब्द.

"अरे, ती बाहेर झाली की!"

"मग आत कशाला बसायचं?"

"बसायला."

सदानं भिंतीला पाठ टेकली. पिशवीचा बंद त्यानं मनगटावरून सोडला नाही, पण एक वेढा कमी झाला होता. मी पाहिलं. तूही पाहिलंस.

जुम्म्याच्या नमाजाला तू आणि तुमची मंडळी गेलात तेव्हा ओसाका माझ्या ताब्यात देऊन गेलास. "बंद पडू देऊ नको." मी काय केलं ते तुला नंतर कळलं. कमरेला टॉवेल गुंडाळला, डोक्याला दुसरा, आणि ओसाकाच्या हॉटेलातली मालकीणबाई झालो. दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला कमरेत वाकून, लाडिक आवाजात बोलावत होतो. शेवया उकडल्या होत्या, त्या पातळ रश्शात घालून वाट्यांतून दिल्या आणि हुकूम काढला, की इथं शेवया आवाज करून ओढायच्या, न ओढणाऱ्याला मालकीणबाई वाईट मानते. मेसमध्ये जो आवाज सुरू झाला! शंभर म्हशी पाणवठ्यावर आल्यासारखा. सदाला मी वाटी दिली नाही.

"मला?" तो म्हणाला.

"तुमचा थाळा कुठं आहे, भाऊ? आम्ही भांड्याशिवाय वाढत नाही."

त्यानं कट्ट्याकडे पाहिलं. थाळा तिथंच होता. तो उठला नाही. "मला भूक न्हाई," म्हणाला, आणि माझ्या टॉवेलकडे बघून त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. नटाला तेवढं पुरतं.

तू परत आलास तो थेट स्टोअरच्या खिडकीशी.

"रंदा दे."

"कोणाला?"

"मला. सुताराचा रंदा. मासा तासायचा आहे."

हुसेनभाई, या जागी मी तुझ्यावरचा उरलासुरला विश्वास काढून घेतला. अख्खा कोकण किनारा मासे खातो. कोणी मासा सुरीनं कापतो, कोणी विळीनं. सुकवलेला मासा लाकडासारखा रंद्यानं तासून त्याचे पापुद्रे जेवणावर भुरभुरतात, ही थाप फक्त कोबी मोजणारा माणूसच मारू शकतो.

"कारण काय लिहू?" मी विचारलं.

"लिही, जपान."

तुझ्या पत्र्याच्या पेटीतून घरची खारवलेली सुरमई निघाली, दगडासारखी. तू तिला बाकावर दाबून धरलीस आणि रंदा चालवलास. सुताराचा जीव तीळ तीळ तुटत होता. (पुढं महिनाभर तो सांगत होता की ज्या दाराला रंदा लावतो त्या दाराला मांजरं येतात.) आणि मग पेटीच्या तळातून तू ते काढलंस, जे आजवर कोणाला दाखवलं नव्हतंस. आप्पेपात्र. बिडाचं, काळंभोर. भाभीनं घरून निघताना तुला दिलेलं, आणि कोणासाठीच कधी चुलीवर न चढवलेलं.

"ओसाकात कालव्याच्या काठानं गाड्या लागतात," तू पीठ फेटत म्हणालास. "प्रत्येक गाडीवर हे. हेच! मी बघितलं आणि मला रडूच आलं. इतक्या लांब, आणि आईचं आप्पेपात्र."

"आत काय असतं?"

"ऑक्टोपसचा तुकडा. समुद्रात तेल, ऑक्टोपस कुठून आणू? सुक्या कोळंबीचे सोडे घालतो. सोडा म्हणजे बिनपायाचा ऑक्टोपसच."

"चाचा, मी मासं खात न्हाई," सदा दारातून म्हणाला.

"तुला देतंय कोण? तुझा थाळा नाही."

आता मी जरा पुढं जातो, कारण शेवट सांगायच्या आधी मला माझी बाजू मांडायची आहे, आणि तू मध्ये बोलू शकत नाहीस अशी संधी पुन्हा यायची नाही.

लढाई संपली. फाटक उघडलं. तुला सुट्टी मिळाली. विमानतळावर मी तुला सोडायला आलो, तुझी पेटी माझ्या डोक्यावर, आणि मी शेवटचं विचारलं, "आता खरं सांग. उतरला होतास?" तू पेटी माझ्या डोक्यावरून घेतलीस. म्हणालास, "त्या दिवशी बाहुल्यांचं राहिलं. परत आलो की बाहुल्यांचं सांगतो, मग तूच ठरव." आणि गेलास.

तू गेल्यावर साइटवर एक जपानी इंजिनियर आला. भला माणूस, सतत वाकणारा. मी त्याला स्टोअरमध्ये बसवलं, एका हातात सुकी सुरमई घेतली, एका हातात रंदा, आणि तासून दाखवलं. त्याचे डोळे असे झाले हुसेनभाई, की मी त्याच्या आजीला ओळखतो असं त्याला वाटलं असावं. रंदा त्यानं माझ्या हातातून घेतला, उलटा धरला, पातं वर, आणि मासा त्यावरून ओढून दाखवला. तेवढंच चुकलं होतं तुझं.

म्हणजे रंदा खरा निघाला. मान्य. पण त्यानं तू उतरलास हे सिद्ध होत नाही! परत आलेल्या पोरांनी रंदाही सांगितला असेल. मी हे सगळं जपून ठेवलं होतं, तू आलास की मांडणार होतो, निदान पावसाळाभर पुरलं असतं. आणि तू पडवीत आडवा झालास. असं भांडण अर्ध्यावर टाकून जातात का? मी आता कोणाला खोटं पाडू?

एक मात्र मी तुला कधी म्हणालो नाही. थापाड्याला सगळं माहीत असतं. त्याला काही विचारा, उत्तर तयार. तुला त्या दिवशी फोरमननं विचारलं, किल्ल्याच्या आत काय आहे? तू म्हणालास, "आत नाही गेलो. पाय दुखत होते, बाहेरच बसलो, चिंचेएवढ्या एका झाडाखाली." ज्याला किल्ला फुकटात बांधता येतो तो त्याच्या बाहेर पाय चोळत का बसेल? गेले दोन दिवस मला ते झाड दिसतंय. बास. याहून जास्त मी कबूल करणार नाही.

तुझा थाळा खिळ्यालाच आहे. तू सुट्टीवर गेला होतास, कट्ट्यावर ठेवला नव्हतास. काल नव्या आचाऱ्यानं तो नव्या माणसाला द्यायला काढला, तर मागच्या रांगेत रडणाऱ्यानं तो त्याच्या हातातून घेऊन परत खिळ्याला लावला. 

चला. शुक्रवार अजून संपलेला नाही.

उजेड आणखी पिवळा झाला होता. जमिनीवरचे कालवे लांब होत भिंतीपर्यंत गेले होते. तू आप्पेपात्रावर वाकून सुईनं गोळे फिरवत होतास, आणि वासानं सगळी मेस तुझ्याभोवती जमली होती. सदासुद्धा. केव्हा उठला कोणी पाहिलं नाही. पिशवी दाराशीच राहिली होती. त्याच्या घरचं पत्र पुढच्याच आठवड्यात येणार होतं, मुलगी झाली म्हणून. कॅम्पाच्या पत्त्यावर. ते घ्यायला तो कॅम्पात असेल की नाही एवढाच प्रश्न होता, आणि असरची अजान होऊन गेली होती.

"दिवे लागायच्या आधी," तू गोळे फिरवत म्हणालास, "मी बाहुल्यांच्या नाटकाला गेलो."

"आता बाहुल्या!" मी म्हणालो. "आमच्याकडं कळसूत्री बाहुल्या असतात. एक माणूस पाच पाच नाचवतो."

"तिथं एका बाहुलीला तीन माणसं."

"तीन? मग बाहुली कशाला, माणसंच नाचवा!"

"गप बस रे. तिघं काळे कपडे घालतात. एकाकडं डोकं आणि उजवा हात, एकाकडं डावा, एकाकडं पाय. आधी तिघं दिसतात. मग बघता बघता ते दिसेनासे होतात. नुसती ती बाई राहते. बसते, पदर सावरते, सुईत दोरा ओवते. एकदा चुकतं, पुन्हा ओवते. दाराकडं बघते. तिचा माणूस लांब गेलेला असतो, आणि..."

"आनि?" सदा म्हणाला.

 एक गोळा उचलून त्यावर सुरमईचा एक पापुद्रा टाकलास. वाफ लागून तो पापुद्रा हलला. मी शपथेवर सांगतो, हलला, नाचल्यासारखा.

"थाळा," तू म्हणालास.

सदानं कट्ट्यावरून आपला थाळा उचलला आणि पुढं केला. तू वाढलंस. तो मासे न खाणारा माणूस, त्यानं तो गोळा अख्खा तोंडात टाकला, इतका गरम की डोळ्यांतून पाणी आलं, आणि तोंड उघडं ठेवून हा-हू करत तो तुझ्याकडे बघत राहिला. "आनि? बाईचं काय झालं?"

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला.

मागच्या फाटकाशी. एकदा लांब. मग पुन्हा. मेसमध्ये कोणी हललं नाही. तुझी सुई गोळ्यात रुतलेली तशीच राहिली. मला बोलायचं होतं. मी तोंड उघडलं. तू माझ्याकडे बघून नुसती मान हलवलीस. कोणी थांब म्हणायचं नाही.

तिसऱ्यांदा हॉर्न वाजला. सदा थाळा हातात घेऊन दाराशी गेला. पिशवी त्याच्या पायाशी होती. त्यानं दार उघडलं, बाहेरचा तो गाळलेला उजेड त्याच्या तोंडावर पडला, आणि गोळा अजून गालात तसाच असताना, वैतागून, जेवणातून उठवलेल्या माणसासारखा तो ओरडला:

"अरे खानसाब, अभी कैसे आऊं? मैं ओसाका में हूं!"